फी माफ आहे, मग अडले कुठे?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शिकवणारे एक शिक्षक लिहितात की, त्यांच्या वर्गातील बरीच मुले ऊसतोड कामगारांची आहेत. दरवर्षी बारावीचा निकाल लागला की ते रात्री जागून मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज स्वतः भरतात, तरी त्यांतले कितीतरी अर्ज परत येतात किंवा अर्धवट राहतात. मुले बेफिकीर आहेत आणि शिष्यवृत्त्याही पुरेशा नाहीत, असे त्यांचे मत होत चालले आहे. यंदा त्यांच्या एका विद्यार्थिनीला कॅप फेरीतून (शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) छत्रपती संभाजीनगरच्या खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयात जागा मिळाली. ती इतर मागास प्रवर्गातील असून घरचे उत्पन्न अगदी तुटपुंजे आहे. महाविद्यालय म्हणते, "आधी पूर्ण फी भरा, सरकारकडून आली की परत देऊ." शिक्षकांनी तिचा फोटो आणि गुणपत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून मदतीचे आवाहन करण्याचे ठरवले, तर तिने नकार दिला आणि "मी इथेच बी.ए. करते" असे सांगितले. शिक्षक दुखावले गेले आहेत. स्वतःच्या पगारातून पैसे घालण्यावरून घरीही कुरबुर होते, आणि प्राचार्य म्हणतात की हे आपले काम नव्हे. ते विचारतात : मी हे काम थांबवावे का, आणि या मुलीचे काय करावे?

सप्रेम नमस्कार, सर.

आपल्या पत्रात दोन प्रश्न आहेत आणि त्यांतला मुलीचा प्रश्न तातडीचा आहे, म्हणून आधी तिच्याविषयी लिहितो. तिचा नकार आपल्याला कृतघ्नपणाचा वाटला, हे पत्रातल्या एका वाक्यावरून जाणवले. मला मात्र त्या नकारात एका समजूतदार मुलीचा हिशेब दिसतो. आपल्या भागात घरात मोठा खर्च उभा राहिला की बाप कोणाकडे जातो, हे आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता. तो मुकादमाकडे, म्हणजे ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडे, जातो आणि वाढीव उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतो. ती उचल एका हंगामात फिटली नाही तर पुढचा हंगाम आधीच बांधला जातो, आणि आई-बाप दोघांचा कोयता त्यात अडकतो. लहानपणापासून हे पाहिलेल्या मुलीने "मी इथेच बी.ए. करते" म्हटले, तर ती कदाचित शिक्षणाला नव्हे, त्या उचलीला नकार देत असेल. मी हे खात्रीने सांगू शकत नाही, पण आपण तिला विचारू शकता. "तुला फोटो का नको?" असे न विचारता "घरी पैशाचे काय बोलणे झाले?" असे विचारा. उत्तर वेगळे येईल असे मला वाटते.

फोटोविषयी तिचे म्हणणे मला पूर्णपणे पटते. अठरा वर्षांची मुलगी, तिच्या घराची गरिबी, तिचे गुण आणि तिचा चेहरा हे सगळे एकदा गावातल्या आणि पाहुण्यारावळ्यांच्या ग्रुपवर गेले की परत घेता येत नाही. उद्या तिच्या लग्नाच्या बोलण्यांतही ते निघेल. आणि सर, तिच्या बाबतीत अशा आवाहनाची गरज खरोखर आहे का, हेच आधी तपासायला हवे, कारण कायद्याने तिला जे मिळायचे आहे ते अजून कोणी मागितलेलेच दिसत नाही.

जुलै 2024 मध्ये राज्य शासनाने निर्णय काढला. त्यानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्ग यांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाख रुपयांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांत शंभर टक्के सवलत मिळते. पूर्वी ही सवलत निम्मी होती. मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थेच्या पातळीवर घेतलेल्या प्रवेशाला ती लागू नाही, आणि खाजगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठेही तिच्यातून वगळलेली आहेत. आपल्या विद्यार्थिनीचा प्रवेश कॅप फेरीतून आहे, ही तिच्या हातातली सर्वांत भक्कम गोष्ट आहे. (इतर वाचकांनी हे वाक्य जपून ठेवावे. "व्यवस्थापन कोट्यातून जागा देतो आणि शिष्यवृत्तीही लावून देतो" असे सांगणारा दलाल भेटला, तर तो जागा देईलही, पण ही सवलत त्याच्या हातची नाही.)

महाविद्यालय पूर्ण फी आधी मागते, त्यावर भांडायला जाण्यापूर्वी एक साधी गोष्ट करा. फीचा तपशील लेखी मागा : शिक्षण शुल्क किती, परीक्षा शुल्क किती, विकास शुल्क किती, अनामत किती, वसतिगृह आणि खानावळ किती. विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ते आकडे प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. ते छापून सोबत न्या. सवलतीस पात्र असलेल्या विद्यार्थ्यांकडून सवलतीची रक्कम प्रवेशाच्या वेळी वसूल करू नये, अशा सूचना शासनाने महाविद्यालयांना दिलेल्या आहेत. तेव्हा विद्यार्थिनीच्या सहीने प्राचार्यांच्या नावे एक पानाचा अर्ज द्या, त्यात शासन निर्णयाचा उल्लेख करा, आणि आवक-जावक विभागाचा शिक्का मारलेली प्रत परत घ्या. बहुतेक ठिकाणी काउंटरवरचा लिपिक जे बोलतो ते लिहून देण्याची वेळ आली की सूर बदलतो. नाहीच बदलला, तर त्याच अर्जाची प्रत तंत्रशिक्षण विभागाच्या विभागीय सहसंचालकांकडे पाठवा. त्यांचे कार्यालय त्याच शहरात आहे. आवाज चढवू नका. मुलीला तिथे चार वर्षे काढायची आहेत.

आता खरी अडचण. शिक्षण शुल्क माफ झाले तरी विकास शुल्क उरते, आणि त्याहून मोठा म्हणजे राहण्या-जेवण्याचा खर्च उरतो. आपण "शिष्यवृत्त्या पुरेशा नाहीत" असे लिहिले आहे. मला वाटते, आपण सगळे फीकडे पाहत राहतो, आणि खेड्यातले मूल शहरात टिकते की परत येते हे खोली आणि खानावळीवर ठरते, याकडे आपले लक्ष उशिरा जाते. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहे उभी केली, त्यामागे हाच विचार होता.

या खर्चासाठी वेगळ्या योजना आहेत आणि त्यांचे अर्ज वेगळे असतात. आपल्या विद्यार्थिनीने प्रथम इतर मागास बहुजन कल्याण विभागाच्या मुलींच्या शासकीय वसतिगृहासाठी अर्ज करावा. तिथे जागा मिळाली नाही, तर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना तिच्यासारख्यांसाठीच आहे. इतर मागास प्रवर्ग, विमुक्त जाती व भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातील ज्या मुलांना वसतिगृह मिळत नाही, त्यांना भोजन, निवास आणि निर्वाहासाठी ही योजना शहराप्रमाणे वर्षाला 38,000 ते 60,000 रुपये देते. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आणि अनुसूचित जमातीच्या मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना याच धर्तीवर आहेत. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. एकाच खर्चासाठी दोन सरकारी योजना सहसा चालत नाहीत, म्हणून कोणती जास्त उपयोगाची हे तिने आणि आपण कागदावर मांडून ठरवावे. जिल्ह्यानुसार लाभार्थ्यांची संख्या मर्यादित असते, त्यामुळे अर्ज पहिल्या आठवड्यात गेला पाहिजे.

केंद्र सरकारच्या शिष्यवृत्त्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर असतात. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या पोर्टलवर, अर्ज केला म्हणजे तिकडे आपोआप जातो, असे नाही. मुलींना तांत्रिक पदवी आणि पदविकेच्या पहिल्या वर्षापासून मिळणारी प्रगती शिष्यवृत्ती वर्षाला 50,000 रुपयांची आहे. कुटुंबाची उत्पन्नमर्यादा 8 लाख आणि एका घरातील दोनच मुली. ती गुणवत्ता यादीने मिळते, आणि दुसऱ्या सरकारी शिष्यवृत्तीसोबत घेण्यावर अटी आहेत, त्या आधी वाचाव्यात. बारावीला मंडळाच्या वरच्या वीस टक्क्यांत आलेल्या आणि घरचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असलेल्या विद्यार्थ्यांसाठीची केंद्रीय शिष्यवृत्ती पदवीला वर्षाला 12,000 रुपये देते. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. करणाऱ्या मुलांना हिची आठवण कोणी करून देत नाही, याचे मला नेहमी वाईट वाटते.

तरीही काही रक्कम कमी पडेल. त्यासाठी खाजगी संस्थांकडे जाण्यात कसलाही कमीपणा नाही आणि तिथे फोटो फिरवावा लागत नाही. पुण्यातील विद्यार्थी साहाय्यक समिती 1955 पासून ग्रामीण मुलामुलींची राहण्या-जेवणाची सोय करते. ठाण्याचे विद्यादान सहायक मंडळ उच्च शिक्षणासाठी मदत करते आणि सोबत मार्गदर्शक कार्यकर्ता जोडून देते. मुलींसाठी लीला पूनावाला फाउंडेशन आहे, पण ते ठरावीक जिल्ह्यांतच काम करते. अशा प्रत्येक संस्थेचे कार्यक्षेत्र आणि अर्जाचा काळ वेगळा असतो, म्हणून आधी चौकशी करावी. मुलाखतीत तिला स्वतःला बोलू द्या. आणि जी संस्था शिष्यवृत्ती देण्यासाठी आधी "नोंदणी फी" किंवा "प्रोसेसिंग फी" मागते, तिच्या वाटेला जाऊ नका.

कर्जाचा विचार सर्वांत शेवटी करावा, पण उचलीच्या आधी करावा. वडिलांनी मुलीच्या शिक्षणासाठी मुकादमाकडून पैसे घेणे आणि मुलीने स्वतःच्या नावावर बँकेचे शैक्षणिक कर्ज घेणे यांत मोठा फरक आहे : पहिल्यात आई-बापांचे अंग गहाण पडते, दुसऱ्यात फेड शिक्षण संपल्यावर सुरू होते. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांमधील प्रवेशासाठी तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळते, आणि उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सवलत आहे. तिचे महाविद्यालय त्या यादीत आहे का ते पाहा. नसले, तरी बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्ज योजनेत 4 लाखांपर्यंत तारण मागितले जात नाही. तिला फक्त खानावळीपुरते पैसे कमी पडत असतील, तर पूर्ण मंजूर कर्ज उचलण्याची गरज नाही. लागेल तेवढेच घ्यावे.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. मुले बेफिकीर आहेत, असे आपण लिहिता. परत आलेल्या काही अर्जांची कारणे आपण पत्रासोबत जोडली आहेत, ती मी नीट वाचली. एका मुलीचे नाव आधारवर इंग्रजीत 'व्ही'ने आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर 'डब्ल्यू'ने लिहिलेले आहे. एकाचा उत्पन्नाचा दाखला मागच्या आर्थिक वर्षाचा आहे. दोघांची बँक खाती आधारशी जोडलेली नाहीत. एकीचा अर्ज महाविद्यालयाने त्रुटी दाखवून परत पाठवला, पण तो संदेश वडिलांच्या फोनवर गेला आणि वडील त्या वेळी कारखान्याच्या हद्दीत, तीनशे किलोमीटरवर उसाच्या फडात होते. ओटीपीचेही तेच होते : मुलगी इकडे संगणकासमोर बसलेली, फोन तिकडे फडात, कधी रेंज नाही तर कधी चार्जिंग नाही, आणि ओटीपीची मुदत काही मिनिटांची. याला बेफिकिरी म्हणणे त्या मुलांवर अन्याय होईल, सर. अर्जांचा हंगाम आणि ऊसतोडीचा हंगाम एकमेकांवर आदळतात, आणि मधे मूल एकटे सापडते.

म्हणून माझी विनंती आहे की, आपण काम थांबवू नये, पण त्याची वेळ बदलावी. आपण बारावीच्या निकालानंतर धावता. हे काम अकरावीच्या प्रवेशाबरोबर सुरू व्हायला हवे. पालक साधारण एप्रिलपर्यंत गावी परततात आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास पुन्हा निघतात. कागदपत्रे करण्याचा काळ तेवढाच आहे. नव्या आर्थिक वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, जातीचे प्रमाणपत्र, नॉन क्रीमीलेयर, आधारवरील नाव आणि जन्मतारखेची दुरुस्ती, मुलाच्या स्वतःच्या नावाचे आधार-संलग्न बँक खाते आणि आधारला मुलाच्याच हाती राहणारा मोबाइल क्रमांक, एवढे त्या महिन्यांत उरकावे. जात वैधता प्रमाणपत्राचा प्रस्ताव विज्ञान शाखेच्या मुलांनी अकरावीतच महाविद्यालयाच्या पत्रासह जिल्हा पडताळणी समितीकडे द्यावा, कारण त्याला महिने लागतात आणि वडिलांच्या बाजूच्या रक्ताच्या नात्यात कोणाची वैधता असेल तर काम सोपे होते. चुलत्याच्या कपाटात ते प्रमाणपत्र असते आणि कोणी विचारलेलेच नसते, असे पुष्कळदा घडते.

आणखी एक. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अकरावीपासूनच लागू होते. तेव्हा पात्र मुलांकडून अकरावीतच महाडीबीटीवर नोंदणी करून घेतली, तर रक्कम लहान असली तरी त्यांची प्रोफाइल तयार होते, चुका कमी दडपणाच्या काळात उघड होतात, आणि पुढच्या वर्षी नूतनीकरण कसे करायचे हे कळते. शिष्यवृत्ती एकदा मिळाली की मिळत राहते, असा समज घेऊन शहरात गेलेली मुले दुसऱ्या वर्षी नूतनीकरण विसरतात आणि तिथेच गळतात.

हे अर्ज मात्र आपण भरू नयेत. मुलांनी भरावेत आणि आपण शेजारी बसावे. आपण रात्री जागून भरलेल्या अर्जाचा पासवर्ड आपल्या वहीत राहतो, आणि अर्ज लिपिकाच्या लॉगिनला अडकला आहे की विभागाकडे गेला आहे, हे त्या मुलाला पाहताच येत नाही. ज्या मुलाने स्वतः अर्ज भरला आहे, ते तीन महिन्यांनी महाविद्यालयाच्या कार्यालयात जाऊन "सर, माझा अर्ज आपल्या स्तरावर प्रलंबित आहे" असे म्हणू शकते. शहरातल्या महाविद्यालयात आपण नसणार. हे वाक्य त्यालाच म्हणावे लागणार आहे. मागच्या वर्षी ज्यांची शिष्यवृत्ती खात्यात जमा झाली अशा दोन-तीन माजी विद्यार्थ्यांना दिवाळीच्या सुट्टीत एक दिवस वर्गात बसवा. प्राचार्यांकडे या कामासाठी परवानगीऐवजी आठवड्यातला एक तास आणि प्रयोगशाळेतला एक संगणक मागा. त्यांच्या महाविद्यालयातील मुलांना किती शिष्यवृत्ती मिळाली, हा आकडा त्यांनाही सांगायला आवडेल.

घरच्या कुरबुरीविषयी मी आपल्या पत्नीच्या बाजूने आहे. फी आपल्या पगारातून भरण्याचा हा प्रकार बंद करावा. एका मुलाची भरली की दुसऱ्याला नाही म्हणणे जड जाते, आणि ज्याची भरली ते मूल पुढे समोर यायला संकोचते. त्याऐवजी दाखले, प्रतिज्ञापत्र, फोटो, एसटीचे भाडे अशा किरकोळ पण अडवून धरणाऱ्या खर्चासाठी वर्षाला एक ठरावीक रक्कम दोघांनी मिळून बाजूला काढावी आणि ती संपली की संपली. मोठी रक्कम लागलीच, तर नोकरीला लागलेल्या चार-पाच माजी विद्यार्थ्यांना खाजगीत सांगावे, विद्यार्थ्याचे नाव त्याच्या परवानगीशिवाय देऊ नये, पैसे थेट महाविद्यालयाच्या किंवा खानावळीच्या खात्यात जावेत आणि पावती सर्वांना पाठवावी. आपल्या विद्यार्थिनीला हा मार्ग मान्य आहे का, हे तिला विचारता येईल.

तिने सगळे ऐकून, आकडे पाहून, तरीही बी.ए.च करायचे ठरवले, तर तो निर्णय तिचा आहे आणि आपण तो मनापासून स्वीकारावा. पण आज ती जे ठरवते आहे ते "पूर्ण फी आधी भरा" या एका वाक्यावर ठरवते आहे, आणि ते वाक्यच चुकीचे आहे. प्रवेश निश्चित करण्याची शेवटची तारीख आज पाहून घ्या. तिचे आई-वडील अजून गावात असतील, तर येत्या रविवारी तिच्या घरी जा, शक्यतो पत्नीला सोबत घेऊन, म्हणजे तिच्या आईशी मोकळेपणाने बोलणे होईल. फीचा तपशील दोन रकान्यांत मांडून न्या, एकात सरकार भरणार ती रक्कम आणि दुसऱ्यात घरातून जाणारी रक्कम, आणि तो कागद आधी तिच्या हातात द्या. वडिलांना ती स्वतः समजावून सांगेल. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी लागणाऱ्या वडिलांच्या सह्या त्याच बैठकीत घ्या आणि त्यांच्या आधारचा मोबाइल क्रमांक कोणता आहे तेही लिहून घ्या, कारण दसऱ्यानंतर ते फडावर गेले की या दोन्ही गोष्टींसाठी आपल्याला पुढच्या एप्रिलची वाट पाहावी लागेल.